बिनघराची फ्रॅटर्निटी

अमेरिकेतली फ्रॅटर्निटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलग्यांची बंधुसंघटना, म्हटलं की पांढऱ्या खांबांचं मोठं घर, दारावर ग्रीक अक्षरं आणि अंगणात पडलेले लाल प्लॅस्टिकचे ग्लास एवढंच बहुतेकांना आठवतं. आम्ही जिथे फ्रॅटर्निटी काढायला निघालो होतो तिथे घराचा प्रश्नच नव्हता. एक होतं मध्य न्यू जर्सीतलं काउंटी कॉलेज, म्हणजे काउंटीचं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षांचं, जिथे रात्री नऊनंतर फक्त सिक्युरिटीची गाडी फिरते. दुसरं न्यूअर्कमधलं सार्वजनिक विद्यापीठ. तिथे डॉर्म, म्हणजे वसतिगृहं, आहेत, पण बहुतेक मुलं सकाळी ट्रेनने नाहीतर गाडीने येतात आणि संध्याकाळी घरी जातात. अशा ठिकाणी बंधुभाव, ब्रदरहुड वगैरे कुठे आणि कधी जमवायचा, हे शोधण्यातच आमची सगळी शक्ती गेली.

मी पाचवीत असताना आम्ही डोंबिवलीहून एडिसनला आलो. हायस्कूलमध्ये पहिल्या १५ टक्क्यांत आल्यामुळे मला एनजे स्टार्स ही शिष्यवृत्ती मिळाली, म्हणजे काउंटी कॉलेजची ट्यूशन फी माफ. बाबांचा हिशेब साधा होता. दोन वर्षं फुकट, मग राज्याच्या २००७ च्या कायद्यामुळे असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, पदवीचे क्रेडिट्स सार्वजनिक विद्यापीठात धरले जातात, म्हणजे तीच पदवी जवळपास अर्ध्या खर्चात. हिशेब बरोबरच होता. फक्त त्यात मित्र कुठल्या रकान्यात मांडायचे ते नव्हतं. काउंटी कॉलेजात तास संपायच्या आधीच मुलांच्या हातात गाडीच्या किल्ल्या असतात. कुणाची दीड वाजता फार्मसीत शिफ्ट, कुणाची वेअरहाउसमध्ये, कुणाला धाकट्या बहिणीला शाळेतून आणायचं असतं. पहिलं सत्र संपलं तरी मला नावाने ओळखणारी माणसं वर्गात नव्हती. जी होती ती ट्यूटरिंग सेंटरमध्ये.

शाळेतला एक मित्र रटगर्सला न्यू ब्रन्सविकला गेला आणि तिथल्या एका दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटीत शिरला. या फ्रॅटर्निटी तशा नव्याच. १९९४ साली बिंगहॅम्टनला आयोटा नू डेल्टा, १९९६ साली युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात सिग्मा बीटा रो, १९९८ साली ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, १९९९ साली यूसीएलएत बीटा काय थीटा. आमची यांतली कुठली की आणखी कुठली, ते सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. मित्राने नंबर दिला, मी नॅशनल ऑफिसला फोन केला. नॅशनल ऑफिस म्हणजे नोकरी सांभाळून रात्री फोन घेणारा एक माजी सदस्य. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या कॅम्पसवर राहणारी मुलं किती?" मी म्हटलं, एकही नाही. मग त्याने सभ्यपणे सांगितलं की चॅप्टर, म्हणजे फ्रॅटर्निटीची शाखा, फक्त चार वर्षांची पदवी देणाऱ्या संस्थेत निघतो.

तेव्हा राग आला. पण नंतर त्या नियमामागचं गणित आम्हीच कागदावर मांडून पाहिलं. आधी इच्छुकांचा गट, मग प्रोव्हिजनल चॅप्टर, मग सनद, या वाटेला सहज दीड वर्ष लागतं. दोन वर्षांच्या कॉलेजात पहिलं सत्र रुळण्यात जातं. म्हणजे सनद हातात येईल तेव्हा संस्थापक ट्रान्स्फर होऊन, म्हणजे पुढचं शिक्षण घ्यायला विद्यापीठात, गेलेले असणार, आणि ती भिंतीवर लावायला मागे कुणीच नाही. काउंटी कॉलेजात ग्रीक अक्षरं अगदीच नसतात असं नाही. फाय थीटा कॅपा तिथलीच. ती १९१८ पासून आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीच आहे. पण ती ऑनर सोसायटी. चांगले गुण असले की निमंत्रण येतं, ट्रान्स्फरच्या शिष्यवृत्तीला तिचा खरोखर उपयोग होतो. तिथे एकमेकांचं तोंड न पाहताही सभासद होता येतं. आम्हाला नेमकं ते नको होतं.

फ्रॅटर्निटीचा पिंड मुळात निवासी कॉलेजांचा. सामाजिक फ्रॅटर्निटींची सुरुवात साधारणपणे १८२५ सालच्या कॅपा अल्फा सोसायटीपासून धरतात, न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजातल्या. कम्युनिटी कॉलेजं बरीच उशिराची. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज हे सर्वांत जुनं सार्वजनिक, तेही १९०१ चं, आणि ते निघालंच गाव न सोडता शिकता यावं म्हणून. मात्र एक दाखला आम्हाला फार उपयोगी पडला आणि पुढे प्रत्येक सादरीकरणात आम्ही तो वापरला. अल्फा फाय अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी १९०६ साली कॉर्नेलमध्ये निघाली ती एका अभ्यासगटातून. विद्यापीठात एकटी पडलेली मोजकी मुलं एकत्र येऊन अभ्यास करायची. घर, लॉन, पार्टी यांचा संबंध नव्हता. शिवाय कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींमध्ये (सोरॉरिटी म्हणजे मुलींची तशीच संघटना) शहरभरातल्या अनेक कॉलेजांचा मिळून एकच चॅप्टर असण्याची पद्धत आहे. तेव्हा 'एक कॅम्पस, एक चॅप्टर' हा काही निसर्गनियम नाही, एवढं आम्हाला म्हणता आलं.

काउंटी कॉलेजात आम्ही आधी साधा क्लब काढला, दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांचा. क्लब काढायला फार काही लागत नाही: एक फॅकल्टी ॲडव्हायझर, पानभर नियमावली, थोड्या सह्या. माणसं जमवणं मात्र अवघड. स्टुडंट सेंटरमध्ये टेबल लावून, समोसे ठेवून बसलो. समोसे संपले, नावं आली नाहीत. माणसं शेवटी मिळाली ती मायक्रोवेव्हच्या रांगेत. कम्यूटर, म्हणजे रोज घरून ये-जा करणारी, मुलं डबा आणतात आणि कॅफेटेरियात मायक्रोवेव्ह दोनच, त्यातला एक बिघडलेला. बाराच्या सुमारास तिथे रांग लागते आणि त्या रांगेत कुणीही फोनवर बोलत नाही, कारण एका हातात डबा असतो. राजमा कुणाचा, बिर्याणी कुणाची, यावरून बोलणं निघतं. आमचे पहिले खरे सभासद तिथले, आणि सगळे देशी नव्हते. पुढे आमचा खजिनदार झालेला मुलगा होंडुरासचा. तो माझ्या डब्यातली मटकीची उसळ पाहून थांबला होता.

क्लबमध्ये मुलीही होत्या, आणि निम्म्याहून जास्त काम त्यांनी केलं. सेक्रेटरी एक गुजराती मुलगी होती. खोल्यांचं बुकिंग, ईमेल, हिशेब सगळं तिच्या लॅपटॉपवर. फ्रॅटर्निटीचा विषय निघाला तेव्हा तिने सरळ विचारलं, "यात मी कुठे?" कुठेच नाही, हेच उत्तर होतं. लिंगभेदाला मनाई करणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा, पण १९७४ मध्ये दुरुस्ती करून सामाजिक फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींना सभासदत्वापुरती त्यातून सूट दिली गेली. फक्त मुलगे घेणं कायदेशीर आहे. न्याय्य आहे का, यावर आमच्यात आजही एकमत नाही. मला स्वतःला ते अवघडच वाटतं. ती पुढे नर्सिंगला गेली. सोरॉरिटी काढायचा विचार तिने क्लिनिकल्सचं, म्हणजे रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकांचं, वेळापत्रक पाहून सोडून दिला, आणि क्लब मात्र पदवी होईपर्यंत चालवला.

घरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा पडला. "अरे, दारू पितात ना ते लोक?" बाबा वेगळ्याच गोष्टीवर अडले. "वर्गणी कोण गोळा करतं? पावतीपुस्तक कुणाकडे?" बाबा डोंबिवलीत गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते होते, कॉलेज मुंबईत, येणं-जाणं लोकलने, आणि मित्र सगळे मंडळातले. त्यांना मी नॅशनल, चॅप्टर, सनद, ड्यूज (सभासदांची वर्गणी) असं एकेक समजावत गेलो आणि ते प्रत्येक वेळी म्हणत, "म्हणजे मंडळच की." मग मीही वाद घालणं सोडलं. खरं तर फ्रॅटर्निटीच्या जाडजूड मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा बाबांचा एक नियम जास्त कामाला आला: हिशेब आणि चेकबुक एकाच माणसाकडे कधी ठेवायचं नाही.

त्यांच्या या आग्रहामुळेच पैशाची बाजू आम्ही आधी उभी केली. बँकेत खातं उघडायचं तर आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या करखात्याकडून, ईआयएन हा संस्थेचा ओळख क्रमांक लागतो. तो ऑनलाइन फुकट मिळतो. पण 'जबाबदार व्यक्ती' म्हणून एका खऱ्या माणसाचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर द्यावा लागतो. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन नावाचं छोटंसं ऑनलाइन पत्रक भरलं की भागतं. ते सलग तीन वर्षं भरलं नाही तर करमाफी आपोआप जाते. ड्यूज, विमा आणि प्रवेश फी एकदम मागितली असती तर आमच्यातली अर्धी मुलं गेली असती, कारण न्यू जर्सीत एकोणीस वर्षांच्या मुलाचा गाडीचा विमा हाच मोठा हप्ता असतो. आम्ही महिन्याचे हप्ते पाडले. नॅशनलला ते आवडलं नाही, पण पैसे वेळेवर गेल्यावर कुणी काही बोललं नाही.

दोन वर्षांनी आमच्यातले बरेच जण ट्रान्स्फर होऊन न्यूअर्कला पोहोचलो. न्यूअर्कची गंमत अशी की रटगर्स-न्यूअर्क, एनजेआयटी आणि एसेक्स काउंटी कॉलेज ही सगळी एकाच भागात, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आम्ही मोठ्या उत्साहाने बहु-कॅम्पस चॅप्टरचा प्रस्ताव लिहिला. मूळ विद्यापीठात चॅप्टर, आणि आसपासच्या काउंटी कॉलेजांतली मुलंही सभासद. शहरभराच्या चॅप्टरचा दाखला जोडला, नॅशनलच्या नियमावलीतलं संबंधित पानसुद्धा जोडलं.

नॅशनलने उत्तर द्यायला अख्खं सत्र घेतलं. उत्तरात आम्ही जोडलेलं तेच पान आम्हाला परत पाठवून 'कृपया हे वाचावे' असं लिहिलेलं होतं.

पण खरी अडचण नॅशनलच्या आळसाची नव्हती, हेही सांगायला हवं. प्रश्न असा होता की काही बरंवाईट झालं तर चौकशी कुणी करायची? विद्यापीठाचं म्हणणं, जो आमचा विद्यार्थीच नाही त्याच्यावर आम्ही शिस्तभंगाची कारवाई कशी करणार? काउंटी कॉलेजचं म्हणणं, आम्ही सामाजिक फ्रॅटर्निटींना मान्यताच देत नाही, तर शिक्का कशाचा मारू? आणि विमा हवा तर चॅप्टरला कुणातरी संस्थेची मान्यता हवी, सभासद त्याच संस्थेत शिकत असायला हवा. तिन्ही म्हणणी एकेकटी रास्त होती, आणि मिळून आमचा रस्ता बंद होत होता. प्रस्ताव आम्ही मागे घेतला.

त्याऐवजी ज्या गोष्टीसाठी भांडलो ती बाहेरून क्षुल्लक वाटेल: जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी. ट्रान्स्फर झाल्यावर क्रेडिट्स येतात, गुण येत नाहीत. नव्या विद्यापीठात जीपीए कोरा. फ्रॅटर्निटीचा नियम असा की यजमान संस्थेत एक पूर्ण सत्र, बारा क्रेडिट्स, आणि त्याचा जीपीए दाखवा, मगच प्रवेश. चार वर्षं तिथेच असणाऱ्या मुलाचं यात काही जात नाही. पण तिसऱ्या वर्षात दाखल झालेल्या मुलाचं एक सत्र वाट पाहण्यात जातं, दुसरं नवा सभासद म्हणून, आणि मग हातात उरतं जेमतेम एक वर्ष. आम्ही मागितलं की काउंटी कॉलेजचा जीपीए ग्राह्य धरा. मुलांनी फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे लेखी संमती दिल्याशिवाय रजिस्ट्रार गुण दाखवत नाही, म्हणून प्रत्येकाची संमतीपत्रं आधीच भरून नेली. हे नॅशनलने मान्य केलं. अर्धवेळ शिकणाऱ्या, म्हणजे बारापेक्षा कमी क्रेडिट्स घेणाऱ्या मुलांना मात्र त्यांनी दार उघडलं नाही. त्या नियमामुळे आमचा एक फार चांगला मुलगा बाहेर राहिला. तो रात्रपाळी करून नऊ क्रेडिट्स घेत होता. त्या नियमाचं समर्थन मला आजही कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

सभा रविवारी रात्री, ही फ्रॅटर्निटींची जुनी रीत. आमच्याकडे रविवारी रात्री न्यूअर्कला येणार कोण? कम्यूटर कॉलेजांत आठवड्यातून एकदा दुपारी सगळ्यांचे तास बंद ठेवून क्लबांसाठी वेळ राखून ठेवतात. ती वेळ आमची. अजेंडा आदल्या दिवशी, चर्चा फोनवर, आणि प्रत्यक्ष भेटीत फक्त मतदान आणि जेवण. भरती, म्हणजे रश, एरवी आठवडाभर संध्याकाळी चालते. आम्ही ती दुपारी केली, मुलांच्या दोन तासांमधल्या रिकाम्या वेळेत. संध्याकाळी साडेपाचला नॉर्थईस्ट कॉरिडॉरच्या गाडीत मेट्रोपार्कपर्यंत उभ्याने जे बोलणं व्हायचं, ते कुठल्याही औपचारिक मुलाखतीपेक्षा खरं असायचं. गाडीत माणूस दमलेला असतो, छाप पाडण्याच्या फंदात पडत नाही.

हेझिंगबद्दल, म्हणजे नव्या सभासदांच्या छळाबद्दल (आपल्याकडचं रॅगिंग), वेगळं लिहायला हवं, कारण पालक हेच विचारतात आणि त्यांचं चुकत नाही. २०१७ साली पेन स्टेटमध्ये फ्रॅटर्निटीच्या प्रवेशविधीत टिमोथी पियाझा हा मुलगा गेला. तो आमच्या न्यू जर्सीचाच. त्याच्या नावाने पेनसिल्व्हेनियात २०१८ साली आणि न्यू जर्सीत २०२१ साली कायदा झाला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचाही कायदा झाला, त्याप्रमाणे कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात. पण मला जास्त शिकवून गेलं ते २०१३ सालचं प्रकरण. न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज हे कम्यूटर कॉलेज. तिथल्या एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीने नव्या मुलांना पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरात भाड्याच्या घरात नेलं. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, पाठीवर ओझं लादून त्याला पुन्हा पुन्हा पाडलं. तो बेशुद्ध पडल्यावर रुग्णालयात न्यायला उशीर केला. तो गेला. पुढे त्या राष्ट्रीय संघटनेवर पेनसिल्व्हेनियात १० वर्षांची बंदी आली.

'आमच्याकडे घरच नाही, मग पार्टी कुठली, धोका कुठला?' असं कम्यूटर कॉलेजातली मुलं सर्रास म्हणतात, आमच्यातलेही म्हणत. बरूकच्या मुलांकडेही घर नव्हतं. म्हणूनच त्यांनी लांब, कुणाची नजर नसलेल्या ठिकाणी ते भाड्याने घेतलं. आम्ही नियम केला की नव्या सभासदांच्या काळात मुक्कामी सहल नाही, कुठल्याही कारणाने नाही, आणि हा काळ सहा आठवड्यांच्या पुढे जाणार नाही. रटगर्सचे जुने भाऊ हसले. "मग बॉण्डिंग कसं होणार?" माझं उत्तर होतं, कॅल्क्युलसच्या मिडटर्मच्या आधी लायब्ररीत बसून. ते त्यांना पटलं नाही. आमच्या नव्या मुलांना पटलं, कारण त्यांना कामावर वेळेत पोहोचायचं होतं.

सनद मिळायला लागलेल्या कागदांची यादी देत नाही, कंटाळवाणी आहे: नियमावली, अंदाजपत्रक, जोखीम व्यवस्थापनाचा आराखडा, सेवेचे तास, एक फॅकल्टी आणि एक माजी सदस्य असे सल्लागार. फॅकल्टी सल्लागार मिळणं सोपं नव्हतं. प्राध्यापकांना फ्रॅटर्निटीच्या कागदावर सही म्हणजे उद्या वर्तमानपत्रात नाव असं वाटतं. शेवटी तयार झाल्या त्या अकाउंटिंगच्या एक ॲडजंक्ट, म्हणजे कायम नोकरी नसलेल्या, बाई. त्या स्वतः दोन कॉलेजांत शिकवत गाडीने फिरायच्या, त्यांना आमचं वेळापत्रक समजावून सांगावं लागलं नाही. सनदेच्या समारंभाला आई-बाबा आले. आईने सगळ्यांसाठी पावभाजी केली होती, आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे बाहेरचं अन्न आत नेता येत नव्हतं, म्हणून ती पार्किंग डेकच्या वरच्या मजल्यावर, गाडीच्या डिकीतून वाढली गेली.

काउंटी कॉलेजात मात्र आजही चॅप्टर नाही, क्लबच आहे, आणि तो तसाच राहावा या मताला मी आलोय. आमच्यातला एक जण याला अजून विरोध करतो. त्याचं म्हणणं, एकटेपणा सर्वांत जास्त तिथल्याच मुलांना असतो, मग अक्षरं मात्र विद्यापीठात गेल्यावरच का? मला वाटतं, त्या मुलांना ट्रान्स्फरच्या पहिल्या दिवशी न्यूअर्कमध्ये कुणीतरी ओळखीचं भेटणं जास्त महत्त्वाचं, आणि ते क्लबमधून होतं. त्यासाठी चॅप्टरचे एक-दोन जण दर सत्रात काउंटी कॉलेजात जाऊन बसतात. भरती करत नाहीत, कुठले क्रेडिट्स धरले जातात आणि कुठे पार्किंग स्वस्त आहे ते सांगतात. क्लबमधला मुलगा पुढे फ्रॅटर्निटीत आलाच पाहिजे असं नाही. काही आले, काही अभियांत्रिकीच्या क्लबात गेले.

एक बदल मात्र प्रत्येक कम्यूटर चॅप्टरने पहिल्याच वर्षी करावा असं मी सांगत असतो. पदाधिकाऱ्यांची मुदत शैक्षणिक वर्षाची ठेवू नका, जानेवारी ते डिसेंबर ठेवा. ट्रान्स्फरची मोठी लाट सप्टेंबरला येते आणि पदवीधर मे महिन्यात जातात. मेमध्ये कारभार सोपवला तर तो उन्हाळ्यात, जेव्हा कॅम्पसवर कुणीच नसतं, हवेत लटकतो. जानेवारीत सोपवला तर जुना खजिनदार अजून एक सत्र त्याच गाडीत भेटत राहतो. आमचा होंडुरासचा खजिनदार गेल्या जानेवारीत बाजूला झाला. बँकेत दोघांनी एकत्र जाऊन सह्या बदलल्या, आणि ईआयएनवरचा जबाबदार माणूस बदलल्याचा ८८२२-बी फॉर्म ६० दिवसांच्या आत पोस्टाने पाठवायचा असतो, तो त्याने भरून पाठवला. त्याची झेरॉक्स बाबांनी मागून घेतली.